नाशिकमध्ये एकही मत पडलं नाही, तरी यशवंतराव चव्हाण खासदार झाले...

गोष्ट आहे १९६३ ची. नाशिक लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली होती. काँग्रेसचे उमेदवार होते देशाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. अर्ज भरायची मुदत संपली, माघारीची मुदत संपली, आणि रिंगणात उरले एकटे यशवंतराव.

मग ना मतपेट्या आल्या, ना बोटाला शाई लागली, ना निकालाची रात्र जागवावी लागली. उमेदवार एक आणि जागाही एकच असेल, तर निवडणूक अधिकारी त्याला थेट निवडून आल्याचं जाहीर करतो. कायदाच तसा आहे. नाशिकला त्या वेळी हेच झालं आणि यशवंतराव बिनविरोध लोकसभेत गेले.

आता नाशिकवरून जरा आफ्रिकेत जाऊ. १९६५ साल, देश घाना. राष्ट्राध्यक्ष होते क्वामे एन्क्रुमा, म्हणजे नेहरूंसोबत अलिप्ततावादी चळवळ उभी करणारे नेते. तिथं संसदेची निवडणूक लागली आणि सगळ्याच्या सगळ्या जागांवर एन्क्रुमांच्या पक्षाचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. अख्ख्या देशात एकालाही मत द्यावं लागलं नाही.

निवडणुकीच्या कागदावर दोन्हीकडे शब्द एकच, बिनविरोध. मग नाशिक आणि घानात फरक काय?

उत्तर शोधायचं तर यशवंतरावांचं आयुष्यच बघावं लागतं. कारण एका पक्षाची सत्ता म्हणजे काय, ती कशी उभी राहते, कशी टिकते आणि कशी ढासळते, हे सगळं या एका माणसाने आतून बघितलं. कधी त्या सत्तेचा कर्ता म्हणून, कधी लाभार्थी म्हणून, कधी गप्प बसलेला साक्षीदार म्हणून, आणि शेवटी विरोधी बाकावर बसून.

देवराष्ट्रे ते विसापूरचा तुरुंग

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, आजोळी देवराष्ट्रे गावात. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. वडील बळवंतराव कराडच्या कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच वडील गेले. आई विठाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण पोरांनी शिकावं हा त्यांचा हट्ट होता.

शाळेतला एक किस्सा अजून सांगितला जातो. मास्तरांनी पोरांना विचारलं, मोठेपणी कोण होणार? कुणी टिळकांचं नाव लिहिलं, कुणी आणखी कुणा थोर माणसाचं. या पोराने कागदावर स्वतःचंच नाव लिहिलं. मी यशवंतराव चव्हाण होणार, असा त्याचा अर्थ.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये असतानाच ते चळवळीत ओढले गेले. १९३२ साली झेंडा लावल्याबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्यातला काळ गेला विसापूरच्या तुरुंगात. तिथं गांधीवादी होते, समाजवादी होते, मार्क्स वाचणारे होते, मानवेंद्रनाथ रॉय यांना मानणारे होते. रोज वाचन, रोज वाद. काही काळ यशवंतरावांवर रॉय यांच्या विचारांचा चांगलाच पगडा होता. वेगळं मत असलेल्या माणसासोबत एकाच बराकीत राहायची सवय त्यांना इथंच लागली असं म्हणता येईल. पुढं राजकारणात ही सवय कामाला आली.

सुटून आल्यावर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ ला बीए केलं, पुण्यातून १९४१ ला वकिली पास केली. जून १९४२ मध्ये फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं. आणि दोनच महिन्यांत चले जावची हाक आली.

यशवंतराव भूमिगत झाले. पोलिसांच्या हाती ते लागेनात म्हणून घरच्यांच्या मागे ससेमिरा लागला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोवर वेणूताईंना अटक झाली. तब्येत खालावली. १९४३ मध्ये आजारी बायकोला बघायला यशवंतराव फलटणला गेले आणि तिथंच पकडले गेले. भाऊ ज्ञानोबा यांचंही याच काळात निधन झालं.

१९४६ मध्ये ते मुंबई प्रांताच्या विधानसभेत निवडून आले आणि संसदीय सचिव झाले. खातं गृह, मंत्री मोरारजी देसाई. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कराडने घाम फोडला

१ नोव्हेंबर १९५६ ला यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. वय ४३. महाराष्ट्र आणि गुजरात एकाच राज्यात कोंबलेले होते आणि मराठी माणूस चिडलेला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लोकांनी छातीवर गोळ्या झेलल्या होत्या. अशा वेळी संयुक्त महाराष्ट्र की नेहरू असा प्रश्न आला, तेव्हा यशवंतरावांनी नेहरूंची बाजू घेतली होती. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. आचार्य अत्र्यांनी तर त्यांना सभांमधून आणि लेखणीतून सळो की पळो करून सोडलं.

मग आली १९५७ ची निवडणूक. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. खुद्द मुख्यमंत्री कराडमधून शेतकरी कामगार पक्षाच्या केशवराव पवारांसमोर थोडक्यात वाचले. काँग्रेसची सत्ता टिकली ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर.

याच निवडणुकीत नाशिकने काय केलं? १९५२ ला नाशिकने काँग्रेसचे गोविंद हरी देशपांडे लोकसभेत पाठवले होते. १९५७ ला नाशिकने दादासाहेब गायकवाडांना निवडून दिलं. डॉ. आंबेडकरांचे जवळचे सहकारी, १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले बिनीचे शिलेदार. काँग्रेसच्या विरोधात, शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या तिकिटावर. १९६२ ला जागा परत देशपांडेंकडे, म्हणजे काँग्रेसकडे आली.

म्हणजे नाशिक हा काही काँग्रेसचा डोळे झाकून निवडून देणारा मतदारसंघ नव्हता. नाशिककर मत फिरवायचे आणि फिरवलेलं मत मोजलंही जायचं.

बेरजेचं राजकारण म्हणजे नेमकं काय?

१९५७ च्या धक्क्यातून यशवंतराव शिकले. द्वैभाषिक टिकणार नाही हे त्यांनी दिल्लीला पटवून दिलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि ते पहिले मुख्यमंत्री झाले.

यानंतर त्यांनी जे केलं त्याला महाराष्ट्रात बेरजेचं राजकारण म्हणतात. विरोधकाला संपवायचं नाही, त्याला आपल्यात घ्यायचं. शेतकरी कामगार पक्षातले यशवंतराव मोहिते काँग्रेसमध्ये आले आणि मंत्री झाले. गावागावातली कर्ती माणसं, जी कालपर्यंत समितीच्या सभेत पुढं बसायची, ती हळूहळू काँग्रेसच्या व्यासपीठावर दिसायला लागली.

पण नुसतं बोलावून कुणी येत नाही, बसायला खुर्ची लागते. ती सोय दोन गोष्टींनी केली. एक सहकार आणि दुसरी जिल्हा परिषद. साखर कारखाने, सहकारी बँका, सोसायट्या वाढल्या. १९६१ चा जिल्हा परिषद कायदा आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या कामाला लागल्या. शाळा, दवाखाने, रस्ते यांची कामं मुंबईच्या मंत्रालयातून निघून जिल्ह्याच्या गावी आली. गावच्या पोराला सभापती, अध्यक्ष, चेअरमन होण्याची वाट मिळाली.

यातून महाराष्ट्राचं भलं झालं हे खरंच. पण याची दुसरी बाजू पण होती. महत्त्वाकांक्षी माणसाला सगळ्या वाटा एकाच पक्षातून जाताना दिसायला लागल्या. विरोधी पक्षातला कार्यकर्ता तिथंच राहिला तर आंदोलन करणार, काँग्रेसमध्ये गेला तर चेअरमन होणार. निवड अवघड नव्हती.

निकाल लगेच दिसला. १९६२ च्या विधानसभेत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या. पाच वर्षांपूर्वी ज्या समितीने घाम फोडला होता, ती विस्कटून गेली. कुणाला तुरुंगात टाकावं लागलं नाही, कुठल्या पक्षावर बंदी आली नाही. विरोध फक्त विरघळला.

देशातही चित्र असंच होतं. लोकसभेत काँग्रेसला १९५२ ला ३६४, १९५७ ला ३७१ आणि १९६२ ला ३६१ जागा मिळाल्या. मतं मात्र कधीच निम्म्यावर गेली नाहीत. राजकारणाचे अभ्यासक रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये याला काँग्रेस सिस्टिम असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, इथं पक्ष अनेक आहेत, पण खरी स्पर्धा काँग्रेसच्या आतल्या गटांमध्ये चालते. विरोधी पक्ष बाहेरून दाब देत राहतात आणि त्या दाबाने आतले गट हलतात.

सह्याद्री दिल्लीला गेला

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. सैन्याची वाताहत झाली, देश हादरला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं. नेहरूंनी फोन लावला तो मुंबईला. २१ नोव्हेंबर १९६२ ला यशवंतरावांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. त्याच दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असं महाराष्ट्र तेव्हापासून सांगतोय.

हरलेलं सैन्य परत उभं करायचं काम त्यांच्यावर आलं. पण एक तांत्रिक अडचण होती. ते संसदेचे सदस्यच नव्हते. मंत्री झाल्यावर सहा महिन्यांत कुठल्यातरी एका सभागृहात यावं लागतं. म्हणून ते आधी राज्यसभेवर गेले. ऑगस्ट १९६३ पासून काही महिने ते राज्यसभेत सभागृह नेतेही होते.

नंतर नाशिकची जागा रिकामी झाली आणि काँग्रेसने त्यांना तिथून उभं केलं. आणि विरोधकांनी मैदान मोकळं सोडलं.

युद्धाची जखम ओली होती. सीमेवरचा पराभव लोकांच्या जिव्हारी लागला होता. मराठी माणूस पहिल्यांदाच देशाचं संरक्षण खातं सांभाळत होता. अशा वेळी संरक्षणमंत्र्याला गल्लोगल्ली मतं मागत फिरवायचं का, असा विचार तेव्हाच्या महाराष्ट्रात सहज पटण्यासारखा होता. ज्यांनी १९५७ मध्ये त्यांना नको नको ते ऐकवलं होतं, त्यांच्याही मनात यशवंतरावांबद्दल आता कटुता उरली नव्हती.

नाशिककर आजही हे अभिमानाने सांगतात. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहेच.

पण त्याच वर्षी बाकी देशात काय चाललं होतं?

इथं खरी मजा आहे. १९६३ च्या मे महिन्यात लोकसभेच्या पोटनिवडणुका झाल्या होत्या. उत्तर प्रदेशातल्या अमरोह्यात आचार्य कृपलानींनी केंद्रीय मंत्री हाफिज मोहम्मद इब्राहिम यांना पाडलं. हे इब्राहिम म्हणजे तेच, ज्यांच्यानंतर यशवंतराव राज्यसभेत सभागृह नेते झाले. फर्रुखाबादला राम मनोहर लोहियांनी बाळकृष्ण केसकरांना पाडलं. केसकर म्हणजे रेडिओवर फिल्मी गाण्यांना दार बंद करणारे मराठी मंत्री. राजकोटला स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी जिंकले.

चीनच्या पराभवाचा राग लोकांनी मतपेटीतून काढला होता.

हे तिघं लोकसभेत आले आणि ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वास ठराव मांडला. स्वतंत्र भारतातला पहिला. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, पण चार दिवस नेहरूंना सगळं ऐकून घ्यावं लागलं. याच काळात लोहियांनी गरिबाच्या रोजच्या मिळकतीचा हिशोब मांडून सरकारला कोंडीत पकडलं.

नाशिक आणि घानातला फरक इथं दिसतो. नाशिकला विरोधक उभा राहिला नाही, पण उभा राहू शकत होता. अमरोह्यात तो उभा राहिला, जिंकला आणि पंतप्रधानांसमोर जाऊन बोलला. घानामध्ये जानेवारी १९६४ मध्येच सार्वमत घेऊन देशात एकच पक्ष राहील असं ठरवून टाकलं होतं. सरकारी आकडा होता ९९ टक्क्यांहून जास्त होकाराचा. एन्क्रुमांचे विरोधक जे. बी. दांक्वा १९६५ मध्ये तुरुंगातच मेले. त्यानंतर झालेल्या निवडणुकीत विरोधक नव्हते, याला माघार म्हणत नाहीत.

सगळ्या एकपक्षीय देशांत असंच होतं असं पण नाही. टांझानियात ज्युलियस न्येरेरे यांनी १९६५ मध्ये वेगळा प्रयोग केला. पक्ष एकच, पण बहुतेक मतदारसंघांत त्याच पक्षाचे दोन उमेदवार. एकाचं चिन्ह कुदळ, दुसऱ्याचं घर. लोकांनी मतं दिली आणि चक्क काही मंत्र्यांना घरी बसवलं. अर्थमंत्री पॉल बोमानी त्यातलेच. राष्ट्राध्यक्षपदासाठी मात्र नाव एकच, न्येरेरेंचं. फक्त हो किंवा नाही म्हणायचं.

म्हणजे टांझानियात माणूस बदलता यायचा, पक्ष बदलता यायचा नाही. घानात दोन्ही बदलता यायचं नाही. आणि हे न जमल्यामुळे घानात १९६६ मध्ये सत्ता बदलली ती लष्कराने. लोकांना सरकार बदलायचा रस्ता ठेवला नाही की तो रस्ता बंदूकवाले शोधतात, हे आफ्रिकेत पुढं अनेकदा दिसलं.

ओझरचा कारखाना

नाशिकमध्ये या बिनविरोध निवडणुकीचा विषय निघाला की ओझर निघतंच. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना सुरू झाला, जो आज एचएएल म्हणून ओळखला जातो. नाशिककरांनी बिनविरोध निवडून दिलं आणि यशवंतरावांनी कारखाना दिला, अशी ही गोष्ट सांगितली जाते.

थोडं तपशिलात गेलं तर रशियासोबतचा मिगचा करार कृष्ण मेनन यांच्या काळातला, १९६२ चा. त्याचे कारखाने तीन ठिकाणी आले. ओझरला विमानाचा सांगाडा, ओडिशात कोरापूटला इंजिन आणि हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स. पण ओझरचं काम उभं राहिलं ते यशवंतराव संरक्षणमंत्री आणि नाशिकचे खासदार असताना, यात वाद नाही. पुढं इथं मिग-२१ बनली, मिग-२७ बनली, सुखोई बनली. ओझरच्या माळावर वसाहत झाली, सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने आले. द्राक्षं आणि तीर्थक्षेत्र एवढीच ओळख असलेल्या जिल्ह्यात कामगारांची एक नवी पिढी तयार झाली.

१९६५ च्या पाकिस्तान युद्धात सैन्य तीन वर्षांपूर्वीचं राहिलं नव्हतं. हवाई दल वापरायचा निर्णय झटपट झाला, तो घेण्यात यशवंतराव पुढं होते. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजींसोबत तेही होते.

भिंतीला तडे गेले

नोव्हेंबर १९६६ मध्ये यशवंतराव गृहमंत्री झाले. पुढच्याच निवडणुकीत, १९६७ ला, ते साताऱ्यातून लोकसभेत गेले आणि नाशिकचा संबंध संपला. या निवडणुकीत काँग्रेस २८३ जागांवर आली आणि अनेक राज्यांत सत्ता गेली. मग सुरू झाली आमदारांची पळापळ. हरियाणातल्या एका आमदाराने इतक्या वेळा पक्ष बदलला की आया राम गया राम हा शब्दच पडला.

यावर उपाय शोधायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते यशवंतराव. जयप्रकाश नारायण यांच्यासारखी माणसं तिच्यात होती. पक्ष फोडून मंत्रिपदं वाटता येऊ नयेत म्हणून मंत्रिमंडळाच्या आकारालाच मर्यादा घाला, अशी एक शिफारस होती. ज्या माणसाने महाराष्ट्रात बेरीज करून विरोधकांना पक्षात आणलं, त्याच्याच समितीला पक्षांतराला लगाम घालायचं काम मिळालं होतं. अर्थात विचार पटून पक्ष बदलणं आणि खुर्चीसाठी रात्रीत बदलणं यात फरक आहे. पण तो कायद्यात लिहायचा कसा, हे कोडं तेव्हाही होतं आणि आजही आहे. मंत्रिमंडळाची मर्यादा प्रत्यक्षात यायला २००३ साल उजाडलं.

१९६९ मध्ये काँग्रेस फुटली. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत यशवंतराव इंदिरा गांधींच्या विरोधातल्या गटासोबत, म्हणजे संजीव रेड्डींच्या बाजूने होते. नंतर मात्र ते इंदिराजींकडे राहिले. पुढं अर्थमंत्री झाले, १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. पण पंतप्रधानांचा पूर्ण विश्वास त्यांना परत कधी मिळाला नाही.

आणि मग आली २५ जून १९७५ ची रात्र. आणीबाणी. विरोधी नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. ज्या जयप्रकाशांसोबत यशवंतरावांनी समितीत काम केलं होतं, ते कोठडीत होते. पुण्याचे मोहन धारिया तर काँग्रेसचेच खासदार, काही महिन्यांपूर्वीपर्यंत मंत्री. तेही आत. मार्च १९७६ च्या सुमारास व्हायची लोकसभा निवडणूक पुढं ढकलली गेली.

त्या दिवसांत भारत घानाच्या बराच जवळ जाऊन पोहोचला होता. आणि यशवंतराव मंत्रिमंडळात होते. त्यांनी राजीनामा दिला नाही, उघड विरोधही केला नाही. ज्यांनी त्यांच्यावर प्रेम केलं त्यांनाही हा प्रश्न टाळता येत नाही. १९३२ मध्ये झेंड्यासाठी तुरुंगात गेलेला, १९४२ मध्ये भूमिगत झालेला माणूस १९७५ मध्ये गप्प का बसला? पक्षाबाहेर राजकारण असतं हे त्यांना कधी वाटलंच नाही, असं एक उत्तर देतात. सगळ्या वाटा एकाच पक्षातून जातात, ही व्यवस्था ज्यांनी उभी केली, त्यांनाही बाहेर पडायची वाट सापडली नाही.

विरोधी बाकावर

१९७७ मध्ये निवडणूक झाली आणि काँग्रेस १५४ जागांवर आपटली. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. १९६३ मध्ये ज्या नाशिकने काँग्रेसला मत न देताही खासदार दिला होता, त्याच नाशिकने शेतकरी कामगार पक्षाचे विठ्ठलराव हांडे दिल्लीला पाठवले. दादासाहेब गायकवाडांनंतर २० वर्षांनी नाशिकने पुन्हा मत फिरवलं होतं.

यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले आणि लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. समोर पंतप्रधान होते मोरारजी देसाई. तेच मोरारजी, ज्यांच्या हाताखाली यशवंतरावांनी १९४६ ला संसदीय सचिव म्हणून सुरुवात केली होती. याच वर्षी विरोधी पक्षनेत्याला कायद्याने दर्जा आणि पगार देणारा कायदा झाला. म्हणजे आयुष्यभर बेरीज करून विरोधी बाकं रिकामी करणाऱ्या नेत्याच्या काळातच त्या बाकाला सरकारी मान मिळाला.

जुलै १९७९ मध्ये यशवंतरावांनी मोरारजी सरकारवर अविश्वास ठराव मांडला. मतदान व्हायच्या आत मोरारजींनी राजीनामा दिला. चरणसिंगांच्या औटघटकेच्या सरकारात यशवंतराव उपपंतप्रधान झाले. १९८० ला इंदिराजींची लाट आली, पण साताऱ्याने यशवंतरावांना त्या लाटेविरुद्ध निवडून दिलं. नंतर ते परत इंदिरा काँग्रेसमध्ये आले. मंत्रिपद मिळालं नाही, आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं.

जून १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि ते आतून खचले. कृष्णाकाठ हे आत्मचरित्र १९८४ मध्ये आलं. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला दिल्लीत यशवंतरावांचं निधन झालं. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. ते गेल्यावर महिन्याभरात झालेल्या निवडणुकीत काँग्रेसला ४०० हून जास्त जागा मिळाल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत पक्षांतरबंदी कायदा झाला.

आज बिनविरोधचं काय?

नाशिकमध्ये यशवंतरावांचं नाव आज सगळ्यात ठळक दिसतं ते मुक्त विद्यापीठावर. १९८९ मध्ये सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून शाळा-कॉलेज सुटलेली लाखो माणसं शिकली.

आणि याच नाशिक जिल्ह्यात, देवळा तालुक्यातल्या उमराणे गावात, बिनविरोधची दुसरी तऱ्हा बघायला मिळाली. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी सरपंचपदासाठी बोली लागली आणि ती २ कोटींच्या वर गेली. पैसा मंदिरासाठी असं सांगितलं गेलं. राज्य निवडणूक आयोगाने नंदुरबारच्या खोंडामळीसोबत उमराण्याचीही निवडणूक रद्द केली. २०२४ मध्ये गुजरातच्या सुरतमध्ये लोकसभेची जागा बिनविरोध झाली. काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद ठरला आणि बाकीच्यांनी माघार घेतली. अशा वेळी नोटाचं बटणही मिळत नाही, कारण मतदानच होत नाही.

म्हणून बिनविरोध हा शब्द ऐकला की लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि लगेच नाकही मुरडायचं नाही. दोन गोष्टी बघायच्या. एक, समोरच्याला उभं राहता येत होतं का? दोन, पुढच्या वेळी त्याला जिंकता येईल का?

१९६३ च्या नाशिकमध्ये दोन्हीचं उत्तर हो होतं. पहिल्याचा पुरावा १९५७ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी आधीच दिला होता, दुसऱ्याचा १९७७ मध्ये विठ्ठलराव हांडेंनी दिला. यशवंतरावांना मिळालेला बिनविरोधचा मान त्यामुळेच मान ठरतो. नाशिककरांकडे नाही म्हणायची ताकद होती, आणि ती त्यांनी त्या एका वेळी वापरली नाही.